सर्व्हिस मॅन्युअलसाठी पैसे भरण्याआधी : तालुक्याच्या रिपेअरिंग दुकानासाठी टप्प्याटप्प्याने

आर्वी, दारव्हा, मेहकर, वरोरा अशा गावांतल्या टीव्ही-इन्व्हर्टरच्या दुकानांत एक तक्रार नेहमी कानावर येते : मॅन्युअलचे पैसे भरले, फाइलही आली, पण कामाची निघाली नाही. कधी ती निव्वळ वापराची पुस्तिका असते, कधी जवळच्याच पण वेगळ्या मॉडेलची, तर कधी फाइल बरोबर असूनही तिच्यात सर्किट डायग्रामच नसतो. बहुतेक वेळा चूक क्रमाची असते. आधी पैसे भरले जातात आणि बोर्डावरचा नंबर नंतर पाहिला जातो. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने करा. मधला एखादा टप्पा गाळला की खर्च वाढतो.

हे टीव्ही, इन्व्हर्टर, वॉशिंग मशीन, एसी, इंडक्शन आणि लॅपटॉप यांच्यासाठी आहे. मोबाइलच्या बोर्डाचं गणित थोडं वेगळं आहे, ते जिथे बदलतं तिथे सांगतो.

टप्पा १ : नेमका कोणता कागद हवा ते ठरवा

"मॅन्युअल" या एकाच नावाखाली पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

वापराची पुस्तिका म्हणजे यूजर मॅन्युअल. बहुतेक कंपन्या ती फुकट देतात, तिला एक रुपयाही मोजू नका. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मशीन कसं खोलायचं, एरर कोड, तपासणीचा क्रम आणि सुट्या भागांचे नंबर असतात. सर्किट डायग्राम त्यात असेलच असं नाही. मोबाइल आणि लॅपटॉपवाल्यांना लागतो तो बोर्डव्ह्यू, म्हणजे बोर्डावर कुठला पार्ट कुठे बसला आहे आणि कशाला जोडला आहे त्याचा नकाशा. शेवटी डंप किंवा फर्मवेअर. ते मॅन्युअल नव्हे, मेमरी आयसीत (चिपमध्ये) मारायची फाइल असते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अलीकडच्या मशीनचं कंपनीचं अधिकृत सर्व्हिस मॅन्युअल बहुधा "बोर्ड बदला" इथेच थांबतं. कोणता रेझिस्टर उडाला हे त्यात सापडत नाही, कारण कंपनीचे स्वतःचे मेकॅनिकही अख्खा बोर्डच बदलतात. तुम्हाला पार्टपर्यंत पोचून दुरुस्ती करायची असेल, तर अशा पुस्तकाला मोजलेले पैसे वाया जातात.

म्हणून जॉब कार्डावर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, आपला प्रश्न एका ओळीत लिहा. उदाहरणार्थ : "स्टँडबायचे ५ व्होल्ट येतात, पॉवर-ऑन सिग्नल मिळतो, पण १२ व्होल्टची लाइन उठत नाही." किंवा "एसी ठरावीक एरर कोड दाखवतो, त्या कोडचा अर्थ हवा."

तपासा : प्रश्न लिहिता येत नसेल तर मीटरचं काम अजून बाकी आहे (त्यासाठी मशीन उघडण्याआधी टप्पा २ पाहा). "सेट डेड आहे" हा प्रश्न होत नाही. तेवढ्यावर मॅन्युअल शोधायला बसू नका.

टप्पा २ : मशीन आपण उघडायचं आहे का, ते पाहा

बिलाची तारीख विचारा. वॉरंटीत असलेलं मशीन तुम्ही उघडलं आणि सील तुटलं, की गिऱ्हाइकाचा हक्क धोक्यात येतो आणि दोष तुमच्यावर येतो.

आपल्याकडे सौर पंपाच्या कंट्रोलरबाबत हे जास्त होतं. "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेतल्या पंपाला ५ वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा असतो, त्यामुळे कंट्रोलर बिघडला तर तो नीट करून देणं पुरवठादाराचं काम आहे. ऐन ओलिताच्या दिवसांत शेतकरी घाईने डबा घेऊन दुकानात येतो, त्याची अडचण खरी असते. तरीही आधी तक्रार नोंदवायला सांगा. तक्रार करायला मदत करा, डबा उघडू नका.

टप्पा ३ : सगळे नंबर गोळा करा

मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत लिहा. शेवटची दोन-तीन अक्षरं फालतू समजून सोडली जातात, पण पॅनेल (पडदा) किंवा बोर्ड बदलला असेल तर तो फरक बहुधा तिथेच दिसतो. एकाच नावाचा टीव्ही दोन वेगळ्या पॅनेलसह बाजारात आलेला असतो.

३२ इंची, स्थानिक ब्रँडचा एलईडी टीव्ही घ्या. मागचं झाकण काढल्यावर चार ठिकाणी पाहायचं. झाकणावरचा स्टिकर म्हणजे ब्रँडचा मॉडेल नंबर. अशा टीव्हीत तो सर्वांत कमी कामाचा, कारण ब्रँड फक्त नाव लावतो. दुसरी जागा किटवर, म्हणजे टीव्हीच्या मुख्य बोर्डावर, छापलेला पांढरा नंबर. तो बहुधा किटच्या कडेला किंवा एचडीएमआय सॉकेटजवळ असतो. शोध या नंबरावरच घ्यायचा. तिसरी जागा पॅनेलच्या पत्र्यावर चिकटवलेला बारकोडचा स्टिकर. डंप फाइल निवडताना पॅनेलचा नंबर जुळला नाही तर चित्र उलटं येतं, रंग बिघडतात किंवा नुसतीच बॅकलाइट लागते. चौथी जागा मुख्य आयसी. त्यावर हीटसिंक (उष्णता काढणारा धातूचा तुकडा) चिकटवलेला असेल तर ओढून काढू नका, किटच्या नंबरावरून तो कळतो.

इतर मशीनमध्ये बोर्डाचा नंबर आणि त्याच्या शेजारी छापलेला रिव्हिजनचा (आवृत्तीचा) आकडा लिहा. नंबर पुसट असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा, टॉर्च आडवी धरा आणि फोटो काढा. फोटो मोठा करून वाचला की ८ आणि बी यांचा गोंधळ होत नाही.

सावधान : सप्लायचा मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज असू शकतो. २३० व्होल्ट एसीचे तिथे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. रेझिस्टर किंवा टेस्ट बल्ब लावून उतरवा आणि मीटरने शून्य झाल्याची खात्री करा. मायक्रोवेव्हचा कपॅसिटर याहून कितीतरी घातक असतो, त्याची माहिती नसेल तर झाकणच काढू नका.

टप्पा ४ : फुकटच्या जागा आधी संपवा

पैसे वाचतात ते याच टप्प्यात. वेळही इथेच द्या.

सुरुवात मशीनपासूनच करा. स्प्लिट एसीच्या बाहेरच्या युनिटचं वरचं किंवा बाजूचं झाकण काढा, बऱ्याचदा त्याच्या आतल्या बाजूला वायरिंग डायग्राम चिकटवलेला असतो. काही मॉडेलमध्ये एरर कोडचा तक्ताही तिथेच सापडतो. वॉशिंग मशीनचा मागचा पत्रा, फ्रिजची पाठ आणि मायक्रोवेव्हच्या कव्हरची आतली बाजूही पाहा. मशीन खोलताना तो कागद फाटून जातो किंवा कुणीतरी फेकून देतो. दिसला की लगेच फोटो काढा, पुढच्या त्याच मशीनला तो उपयोगी पडेल.

मग कंपनीची साइट. लॅपटॉपच्या बाबतीत एचपी, डेल आणि लेनोव्हो आपली खोलण्या-जोडण्याची सर्व्हिस पुस्तकं अनेक वर्षांपासून फुकट उघडी ठेवतात. ॲपलने २०२२ पासून आपली दुरुस्तीची पुस्तकं सगळ्यांसाठी मोकळी केली आहेत. ही पुस्तकं बाहेरच्या साइटवर विकत घेण्याचं काहीच कारण नाही, तरी ती तिथे विकली जातात. मात्र यांतल्या कशातही बोर्डाचा सर्किट डायग्राम नसतो.

त्यानंतर केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाचं "राइट टू रिपेअर इंडिया" पोर्टल. ते २४ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झालं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, टिकाऊ घरगुती वस्तू आणि वाहनं अशी चार क्षेत्रं आहेत. तिथून कंपनीच्या योग्य पानावर जाता येतं, पण प्रत्येक नावापुढे सर्किट मिळेल अशी आशा ठेवू नका. बऱ्याच ठिकाणी वापराची पुस्तिका आणि सर्व्हिस सेंटरची माहिती एवढंच हाती लागतं.

चौथी जागा म्हणजे आयसीची डेटाशीट, आयसी बनवणाऱ्याने दिलेला तिच्या पिनांचा आणि व्होल्टेजचा माहितीपत्रक. आपल्याकडचे मेकॅनिक सर्वांत कमी वापरतात ती हीच, आणि सर्वांत मोलाचीही हीच. इन्व्हर्टरच्या कंपनीने मॅन्युअल दिलं नाही तरी त्यातला पल्स देणारा आयसी कुठल्या ना कुठल्या नामांकित कंपनीचा किंवा त्याची नक्कल असतो, आणि त्याची डेटाशीट फुकट मिळते.

इन्व्हर्टरमध्ये पल्स देणारा आयसी एसजी ३५२५ असेल तर पाच पिना पाहा. १५ नंबरच्या पिनवर सप्लाय येतो, तो ८ ते ३५ व्होल्टच्या आत हवा. १६ वर ५.१ व्होल्टचा रेफरन्स (आयसीने स्वतः तयार केलेलं स्थिर व्होल्टेज) मिळाला पाहिजे. ११ आणि १४ हे आउटपुट. खरी मेख १० नंबरला आहे, ती शटडाउनची पिन. सप्लाय आणि रेफरन्स दोन्ही ठीक आहेत, आउटपुट मात्र नाही आणि १० नंबर हाय आहे (तिथे व्होल्टेज आहे), असं दिसलं तर आयसी चांगला आहे. ओव्हरलोड किंवा लो-बॅटरीचं प्रोटेक्शन त्याला थांबवून ठेवतं आहे. अशा वेळी आयसी बदलून काही होत नाही, प्रोटेक्शनच्या बाजूला शोधावं लागतं.

त्याजागी टीएल ४९४ असेल तर सप्लाय १२ नंबरला, ५ व्होल्टचा रेफरन्स १४ ला, आणि आउटपुट बंद ठेवू शकणारी डेड-टाइमची पिन ४.

एसएमपीएसमध्ये (स्विचिंग पॉवर सप्लायमध्ये) यूसी ३८४२ आणि यूसी ३८४३ या आयसींची अदलाबदल करून पुष्कळ काम बिघडतं. पिना सारख्याच आहेत, पण ३८४२ सुमारे १६ व्होल्टला सुरू होतो आणि १० च्या खाली गेला की बंद पडतो. ३८४३ मात्र ८.४ च्या आसपास सुरू होतो आणि ७.६ ला थांबतो. ज्या सर्किटमध्ये ७ नंबरच्या पिनवर १२ व्होल्ट मिळतात तिथे ३८४३ चालतो, ३८४२ सुरूच होत नाही. ही माहिती विकत घ्यायच्या कुठल्याही मॅन्युअलपेक्षा डेटाशीटच्या एका तक्त्यात जास्त स्पष्ट दिली आहे. शिवाय शेवटच्या पानांवर आयसी बनवणाऱ्याने नमुन्याचं सर्किट दिलेलं असतं. तुमच्या बोर्डाचं सर्किट बहुधा त्याच्याशीच मिळतंजुळतं असतं.

शेवटी लोकांनी जमवलेले साठे. आयफिक्सिटवर फोटोंसह खोलण्याची पद्धत फुकट मिळते. इंटरनेट आर्काइव्ह आणि इलेक्ट्रोटान्या इथे जुन्या टीव्ही-अ‍ॅम्प्लिफायरचे सर्किट डायग्राम सापडतात. डेक, अ‍ॅम्प्लिफायर, सीआरटी टीव्ही अशा जुन्या वस्तूंसाठी तर पैसे भरायची वेळ क्वचितच येते.

सावधान : मॅन्युअल ही पीडीएफ फाइल असते, फार तर झिप. "डाउनलोडर" नावाचा प्रोग्राम आधी टाकायला सांगितला तर तिथेच थांबा. बिलिंगच्या कॉम्प्युटरवर असला प्रोग्राम कधीही चालवू नका.

टप्पा ५ : कंपनीला चार ओळी लिहा

ईमेलमध्ये पूर्ण मॉडेल नंबर, सीरियल नंबर, बोर्डाचा नंबर आणि नेमका प्रश्न लिहा. "मॅन्युअल पाठवा" असं लिहिलं की छापील नकार येतो. "या एरर कोडचा अर्थ आणि या कनेक्टरवरची व्होल्टेज सांगा, किंवा सर्व्हिस मॅन्युअल कितीला मिळेल ते कळवा" असं लिहिलं तर उत्तर येण्याची शक्यता वाढते.

कंपनीने अजिबात दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. तक्रार मात्र मशीनच्या मालकाच्या नावाने करा. त्याच्याकडे बिल असतं आणि कंपनीशी व्यवहार त्याचा झालेला असतो.

उत्तराची वाट किती पाहायची ते गिऱ्हाइकाला आधीच सांगा. आठवडाभरात काही आलं नाही तर पुढच्या टप्प्यावर या.

टप्पा ६ : पूर्ण खर्च मांडा, मगच ठरवा

साइटवर दिसणारी किंमत ही पूर्ण किंमत नसते. समजा फाइल १५ डॉलरला आहे आणि डॉलर ९० रुपये धरला, तर झाले १,३५० रुपये. परदेशी व्यवहारावर बँक मार्कअप (जादा आकार) लावते, बऱ्याच कार्डांवर तो ३.५ टक्क्यांपर्यंत असतो. त्याचे ४७ रुपये. या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी साडेआठ. फाइल हातात पडेपर्यंत सुमारे १,४०६ रुपये झाले.

आता त्यासमोर तीन आकडे ठेवा : दुरुस्तीची मजुरी किती मिळणार, तोच बोर्ड नवा किंवा जुना नागपूरच्या सीताबर्डीच्या बाजारात कितीला मिळतो, आणि वर्षभरात हे मॉडेल पुन्हा किती वेळा दुकानात येईल. युनिव्हर्सल किट मॅन्युअलपेक्षा स्वस्त असेल तर फाइल विकत घेण्यात अर्थ नाही. उलट, आसपासच्या गावांत एकाच दुकानाने विकलेला एकाच जातीचा इन्व्हर्टर घरोघरी असेल, तर तोच खर्च अनेक कामांत वाटला जातो आणि फाइल परवडते.

मोबाइलच्या बोर्डव्ह्यूचे पैसे बहुधा वार्षिक वर्गणीने किंवा डोंगलवर (कॉम्प्युटरला लावायच्या परवान्याच्या यूएसबी चावीवर) घेतले जातात आणि परवाना एकाच कॉम्प्युटरचा असतो. महिन्याला बोर्डाची मोजकीच कामं येत असतील तर वर्गणी घेऊ नका. तालुक्यात ज्याच्याकडे ती आहे त्याच्याकडे काम न्या आणि मजुरी वाटून घ्या. पासवर्ड वाटून वापरला की खातं बंद होतं आणि सगळ्यांचेच पैसे जातात.

टप्पा ७ : पैसे भरताना

१. खरेदीआधी नमुन्याची पानं पाहा. अनुक्रमणिका दिसत नसेल तर विक्रेत्याला विचारा : सर्किट डायग्राम आहे का, बोर्डाचा हा नंबर त्यात आहे का. उत्तर लेखी घ्या.

२. एका फाइलची खरेदी आहे की दरमहा वर्गणी, ते नीट वाचा. "ट्रायल"च्या नावाखाली वर्गणी सुरू होते आणि पैसे कापले जात राहतात.

३. २०२० पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे नवं कार्ड परदेशी व्यवहारांसाठी बंदच येतं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ते सुरू करा, मर्यादा फाइलच्या रकमेपेक्षा थोडीशीच जास्त ठेवा, आणि काम झालं की त्याच दिवशी पुन्हा बंद करा. अनेक परदेशी साइट ओटीपी मागत नाहीत, म्हणून ही मर्यादा हेच तुमचं कुलूप आहे. यूपीआय अशा साइटवर सहसा चालत नाही.

४. पैसे भरल्याची पावती आणि विक्रेत्याचं लेखी उत्तर एकत्र जपून ठेवा. चुकीची फाइल आली तर परतावा मागायला तेवढाच आधार असतो.

टप्पा ८ : फाइल आली की सोल्डरिंग गरम करण्याआधी

बोर्डावरचे कोणतेही तीन पार्ट निवडा : एक आयसी, एक मोठा कपॅसिटर, एक कनेक्टर. त्यांचे क्रमांक आणि व्हॅल्यू डायग्रामशी जुळतात का पाहा. तिन्ही जुळले तर पुढे जा. दोन जुळले आणि एक नाही, तर रिव्हिजन वेगळी असण्याची शक्यता आहे. डायग्राम तरीही उपयोगी आहे, पण प्रत्येक आकडा बोर्डावर ताडून पाहा. एकच जुळला तर फाइल बाजूला ठेवा आणि परतावा मागा.

डायग्राम मोठा करून पाहा. अक्षरं फुटत असतील तर तो स्कॅन आहे, त्यात दशांश चिन्ह हमखास हरवतं. ४.७ आणि ४७ मधला फरक बोर्डावरच्या रंगपट्ट्यांवरून पक्का करा.

नेट आणि लाइट दोन्ही जातात, म्हणून सप्लायच्या भागाची पानं ए३ कागदावर छापून घ्या. ए४ वर छापलेलं वाचता येत नाही. फाइलला कंपनी, मॉडेल, बोर्डाचा नंबर या क्रमाने नाव द्या आणि एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.

टप्पा ९ : गिऱ्हाइकाशी बोलणं

मॅन्युअलचा खर्च मजुरीत लपवू नका. "काकाजी, याचा नकाशा विकत घ्यावा लागते, त्याचा तुमच्या वाट्याले इतका खर्च येईन, काम झालं नाही तर तो परत भेटणार नाही" असं आधी सांगा, होकार घ्या आणि जॉब कार्डावर लिहा. एकच गिऱ्हाईक पूर्ण किंमत देईल असं धरू नका. ज्या फाइलचा पुढेही उपयोग आहे तिचा एक वाटाच बिलात लावावा, तेच रास्त आहे.

टप्पा १० : कुठेच काही मिळालं नाही तर

काही वस्तूंचं मॅन्युअल कधी छापलंच गेलेलं नसतं. झटका मशीन हे आपल्याकडचं ठळक उदाहरण. रानडुकरं आणि रोही (नीलगाय) यांच्यासाठी शेताच्या कुंपणाला लावलेली ही यंत्रं बरेचदा छोट्या कारखान्यांत बनतात. फवारणी पंपाचे चार्जरही तसेच. इथे पैसे भरून काही मिळत नाही, स्वतःची वही करावी लागते.

चालू स्थितीतलं मशीन दुसऱ्या एखाद्या किरकोळ कामासाठी आलं, तुटलेला स्विच किंवा गंजलेला सॉकेट बदलायला, की मालकाला विचारून मोजमाप घ्या. बोर्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो. चालू असताना सप्लायच्या प्रत्येक लाइनचं आणि आयसीच्या प्रत्येक पिनचं व्होल्टेज. मग सप्लाय बंद करून, कपॅसिटर उतरवून, लाल प्रोब ग्राउंडला ठेवून डायोड मोडवर काळ्या प्रोबने प्रत्येक पिनचं रीडिंग. फोटोची प्रिंट काढून आकडे त्यावरच लिहा, तारीख टाका.

सावधान : झटका मशीनचं आउटपुट काही हजार व्होल्टचं असतं, साध्या मीटरने मोजू नका, मीटर जळतो. त्याचं इनपुट आणि कंट्रोलचा भागच मोजा. आणि मशीन दुरुस्त होईपर्यंत कुणी कुंपणाला थेट २३० व्होल्टची लाइन जोडतो म्हणत असेल तर त्याला तिथेच थांबवा. त्याने माणूस मरतो आणि तो गुन्हाही आहे. दुकानात एखादं चालू झटका मशीन उसनं द्यायला ठेवता आलं तर ठेवा, म्हणजे शेतकऱ्यावर ती वेळ येत नाही.

तेच मशीन बिघडून आलं की वहीतलं पान काढा आणि पिन १ पासून मोजायला लागा. पहिला आकडा जिथे जुळत नाही, त्याच्या आसपासचे पार्ट आधी काढून तपासा.